ग्रीनवे की पांढरे रस्ते? फ्रान्समध्ये सायकल नेणाऱ्यांसाठी (आणि त्या पोस्टला उत्तर)

नकाशेवाला
"फ्रान्समध्ये सायकल चालवायची तर फक्त गाड्यांना बंदी असलेल्या ग्रीनवेवरून. खेड्यापाड्यातले रस्ते म्हणजे जिवाशी खेळ, आणि तिकडे जा म्हणून सांगणारे बेजबाबदार." गेल्या आठवड्यातल्या पोस्टचं हे सार. गप्प बसणार होतो, पण खाली 'माहितीबद्दल आभार'ची रांग लागलेली पाहून राहवलं नाही.

त्या देशात सुमारे 35 हजार कम्यून (म्हणजे आपल्या ग्रामपंचायती-नगरपालिकांसारखी गावं) आहेत, आणि वाडीवस्तीपर्यंत डांबर पोचलंय. लांबची वाहतूक मोटरवेने कधीच ओढून घेतली. मग या बारक्या रस्त्यांवर उरतं कोण? ट्रॅक्टर, पोस्टाची पिवळी गाडी, दुधाचा टँकर. मिशेलिनचा नकाशा उघडा. त्यात लाल रंगातले मोठे रस्ते सोडा, पिवळे मधले जपून घ्या, आणि पांढरे, म्हणजे सगळ्यात बारके गावरस्ते, डोळे मिटून घ्या. कडेला हिरवी रेघ असेल तर रस्ता देखणा. मोर्व्हाँ, लिमुझाँ, ऑब्राक या भागांत सकाळी निघालं तर दुपारपर्यंत भेटलेल्या गाड्या बोटांवर मोजता येतात.

आणि ग्रीनवे? बरेचसे जुन्या रेल्वेमार्गावर. चढ सौम्य, कबूल. पण रूळ जिथे जमीन खोदून खालून नेले होते तिथे दोन्ही बाजूंना नुसता मातीचा बांध आणि झुडपं. कित्येक ठिकाणी स्टेशनच गावापासून लांब, त्यामुळे गाव दिसतही नाही. क्रॉसिंग आलं की लोखंडी आडवे दांडे. लादलेल्या सायकलचे पॅनियर, म्हणजे चाकाच्या दोन्ही बाजूंना लटकवलेल्या पिशव्या, त्यात अडकतात. उतरा, सायकल तिरकी करा, मागचं चाक उचला, पुन्हा बसा. अर्ध्या तासात पुन्हा तेच. पोस्टमध्ये लुआर नदीकाठच्या ज्या सायकलमार्गाचं इतकं कौतुक आहे, त्या 900 किलोमीटरमधला बराच भाग साध्या गावरस्त्यांवरूनच जातो. ज्यांना नावं ठेवली त्याच रस्त्यांवरून पोस्टलेखक सुखरूप फिरून आले.

लेकीची_आई
पोस्ट माझी आहे, आणि मी लेखिका आहे, लेखक नाही.

"डोळे मिटून घ्या" हे तुम्ही कोणाला सांगताय? ऑगस्टमध्ये दॉर्दोन्यच्या बाजूला आम्ही अशाच एका पांढऱ्या रस्त्यावर होतो. दोन्हीकडे उंच कुंपण, कडेला पाय टेकायलाही जागा नाही. वळणावर मागून मोटरहोम आली. तिचा आरसा माझ्या नऊ वर्षांच्या मुलीच्या हँडलपासून वीतभर अंतरावरून गेला. पोरगी घाबरून चरात पडली, दोन्ही गुडघे सोलवटले. गाडी थांबली नाही. नंतर उरलेल्या सुट्टीत ती सायकलला हात लावेना.

गावाबाहेर सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर सोडायचं हा तिथला नियम मला पाठ आहे. 2018 मध्ये असल्या रस्त्यांची वेगमर्यादा 90 वरून 80 केली हेही ठाऊक आहे. 2019 च्या कायद्याने मुभा मिळाल्यावर अनेक जिल्ह्यांनी कित्येक रस्ते परत 90 वर नेले, ते मात्र तुमच्यासारखे लोक सांगत नाहीत. आणि 80 तरी काय कमी आहे? ग्रीनवेचे दांडे तुम्हाला खुपतात. माझ्या लेकीच्या अंगावर गाडी येऊ नये म्हणूनच ते दांडे तिथे आहेत.

बाराशे_किमी
ताई, झालं ते वाईट झालं, पण एका मोटरहोमवरून अख्खा देश ठरवू नका. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही 1200 किमीची सायकल राइड केलीय म्हणून बोलतोय. राँबुइये ते ब्रेस्ट आणि परत, सगळं याच रस्त्यांवरून, तेही रात्री-अपरात्री. मागून येणारी गाडी वळण संपेपर्यंत मागे थांबते, हॉर्नही वाजवत नाही. मध्यरात्री एका गावात म्हातारं जोडपं दारात टेबल मांडून बसलं होतं, कॉफीचा थर्मास आणि क्रेपची (तिकडच्या पातळ धिरड्यांची) चळत घेऊन. पैसे देऊ केले तर रागावले. आमच्या पुण्याच्या ग्रुपमधल्या प्रत्येकाकडे असा एक किस्सा आहे.

लेकीची_आई
दादा, तुमची स्पर्धा चार वर्षांतून एकदा. रस्त्याला बाण लावलेले, गावोगाव माहीत की सायकली येणार. तो दिवस आणि ऑगस्टमधला इतर कुठलाही मंगळवार यात फरक नाही का? 90 तासांत 1200 किमी पळणाऱ्याने खेड्यातल्या रहदारीबद्दल आम्हाला शिकवू नये.

बाराशे_किमी
ती स्पर्धा नाही. तिथे नंबर लावत नाहीत. निदान एवढं तरी वाचून बोला.

तुलूजकर
भांडण मिटवायला आलेलो नाही, दोघांनाही थोडं सुनवायला आलोय. कामानिमित्त कित्येक वर्षं इथे फ्रान्समध्ये आहे.

ग्रीनवे म्हणजे गुळगुळीत, हा समज आधी काढून टाका. तुलूजहून कानाल द्यु मिदी या कालव्याच्या काठाने पूर्वेला जा. साधारण 50 किमी छान डांबर. पुढे बऱ्याच ठिकाणी कच्ची वाट आणि 'प्लेन' जातीच्या (चिनारच्या कुळातल्या) झाडांच्या मुळांच्या गाठी, मनगटं दुखून येतात. त्यात 2006 मध्ये या झाडांवर बुरशीचा रोग आढळला. हजारो झाडं तोडावी लागली, काही पट्ट्यांत आता सावलीच नाही. मुलांना घेऊन जायचं तर उलट दिशेला, गारोनच्या कालव्याने जा. ती वाट चांगली आहे.

आणि नकाशेवाले, पांढरा रस्ता डोळे मिटून घ्यायचा नसतो. उन्हाळ्यात डांबरावर सुटी खडी टाकतात. उतारावर ती लागली की चाक सरकलंच. सप्टेंबर ते फेब्रुवारी शिकारीचा हंगाम. रविवारी सकाळी 'शिकार चालू आहे' अशी पाटी कडेला दिसली तर भडक जॅकेट घाला किंवा रस्ता बदला.

खरं बोलायचंय ते वेगळंच. हे रस्ते शांत का आहेत? माणूस उरला नाही म्हणून. मध्य फ्रान्समधल्या क्रूज जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात थांबा. चौकात पहिल्या महायुद्धातल्या मृतांचा दगड असतो. त्यावरची नावं मोजा आणि आज धूर निघणारी घरं मोजा. शाळा बंद, बेकरी बंद, डॉक्टर पुढच्या तालुक्यात. त्या शांततेवर लोक इतकं भरभरून लिहितात, तेव्हा मला त्रास होतो.

मालवणी_माणूस
तुलूजकर, एकदम बरोबर बोललात. सायकलशी माझा संबंध नाही, पण हे वाचून राहवलं नाही. फ्रान्समधल्या अशाच ओस पडलेल्या लोझेर जिल्ह्याचं क्षेत्रफळ सुमारे 5,170 चौ.किमी. आमचा सिंधुदुर्ग 5,207. लोझेरमध्ये माणसं पाऊण लाखाच्या आसपास, आमच्याकडे 2011 च्या जनगणनेत साडेआठ लाख. आज फरक दहापटीहून जास्त आहे. पण 2001 ते 2011 मध्ये राज्याची लोकसंख्या वाढली आणि सिंधुदुर्गाची घटली. रत्नागिरीचीही. आमच्या वाडीत गणपतीला घरं उघडतात आणि विसर्जनानंतर कुलपं लागतात. शहरातून येणारे म्हणतात, "किती शांत आहे तुमच्याकडे!" ते ऐकून डोक्यात जातं.

नकाशेवाला
मग काय करू, सायकल घरी ठेवू? मी त्या गावात गेलो नाही तर बेकरी परत उघडेल का? उघडं असलेलं एकुलतं कॅफे मी तिथे खर्च केलेल्या पैशावरही चालतं. विषय सायकलीचा आहे, लोकसंख्येचा नाही.

तुलूजकर
विषय तोच आहे. रस्ता कोणाच्या पैशाने दुरुस्त होतो? क्रूजचे गवंडी दरवर्षी वसंतात पायी पॅरिसला कामाला जायचे आणि थंडीत घरी परतायचे. 19 व्या शतकातलं नवं पॅरिस उभारताना त्यांचे हात राबले. मार्तँ नादो हा त्यांच्यातलाच, गवंड्याचा पोर, पुढे खासदार झाला. रेल्वे आली तसे ते बायकापोरांसह तिकडेच राहू लागले. नंतर त्या भागांतल्या बऱ्याच बारक्या रेल्वेमार्गांना प्रवासी उरले नाहीत आणि रूळ उखडले. आज अशाच उखडलेल्या मार्गांवर ग्रीनवे आहेत. ग्रीनवे आणि पांढरा रस्ता, दोन्ही एकाच कारणाने रिकामे झालेत.

मालवणी_माणूस
गिरणीत गेलेले आमचे आजे हेच करायचे, मे महिन्यात आणि गणपतीला गावी. गिरण्या बंद झाल्या तरी परत किती आले? आमच्याकडे निदान कोकण रेल्वे चालू आहे, म्हणून घरं अजून उघडतात तरी. ती बंद करून कोणी सायकलवाट करतो म्हणाला तर रुळावर आडवा पडेन.

बाराशे_किमी
कोकण रेल्वे कोणी बंद करत नाहीये हो. गरम कशाला होताय?

मालवणी_माणूस
तुमचं गाव रिकामं झालेलं नाही म्हणून तुम्हाला थंड राहता येतं.

लेकीची_आई
तुम्ही दोघे वेगळा धागा काढा. मला माझ्या प्रश्नाचं उत्तर हवंय. लेकीला पुन्हा सायकलवर बसवायचं आहे आणि पुढच्या वर्षी तिकडे जायचं जवळपास ठरलंय. नकाशेवाले, पोस्ट लिहिण्याऐवजी एक जागा सांगा.

नकाशेवाला
सांगतो. जिव्हरी ते क्लुनी, बर्गंडीत. 1997 मध्ये सुरू झालेला फ्रान्सचा पहिला ग्रीनवे, 40 किमीच्या वर, जुन्या रेल्वेचाच. कॉर्मातँला किल्ला आहे, जवळच ख्रिस्ती मठवासी समुदायाचं तेझे गाव, आणि क्लुनीत 910 साली स्थापन झालेल्या मठाचे अवशेष. या ग्रीनवेवर गावं जवळ लागतात, एवढं मान्य करतो. क्लुनीच्या पुढे रेल्वेचा जुना बोगदा आहे. हिवाळ्यात वटवाघळांसाठी तो बंद असतो, उन्हाळ्यात लेकीला आवडेल. मुक्काम क्लुनीत करा. तिथून ब्रान्सियाँच्या टेकडीकडे पांढरे रस्ते जातात, चढ आहे. जूनमध्ये जा, ऑगस्टमध्ये नको. ऑगस्ट नको हे तुमच्या पोस्टमध्ये असतं तर मी वाद घातलाच नसता.

लेकीची_आई
आणि तुमच्या पोस्टमध्ये 'डोळे मिटून' नसतं तर मीही घातला नसता. क्लुनीपर्यंत ग्रीनवेनेच जाणार. टेकडीचा रस्ता आधी मी एकटी चालवून बघेन, सकाळी लवकर, लेक झोपलेली असताना. पटला तरच तिला नेईन. आणि पोस्ट मी काढणार नाही. फक्त 'बेजबाबदार' हा शब्द काढते.

तुलूजकर
रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी खेड्यातली दुकानं बहुतेक बंद असतात. शनिवारीच खाण्याचं घेऊन ठेवा. पाणी संपलं तर स्मशानभूमीत नळ असतो, पिण्याचं नाही अशी पाटी नसेल तर सायकलवाले तिथेच बाटल्या भरतात.