यूकेमध्ये डिपेंडंट व्हिसावर आहे, मीडियात नोकरी कुठून सुरू करू?

कांदेपोहे_रेडिंग:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकीच्या विभागात असेल तर हलवा प्लीज. पुण्यात एका मराठी न्यूज चॅनेलच्या आउटपुट डेस्कवर पाच-सहा वर्षं काढली. बुलेटिन लिहायचं, बाईट (लोकांच्या बोलण्याचे रेकॉर्ड केलेले तुकडे) कापून पॅकेज (तयार व्हिडिओ बातमी) बांधायचं, टिकर (पडद्याखालची सरकती पट्टी), फोनो (फोनवरून बोलणं), निवडणुकीच्या रात्री सलग डबल शिफ्ट, सगळं केलंय. नवऱ्याला इथे आयटीत स्किल्ड वर्कर व्हिसावर जॉब मिळाला म्हणून मागच्या वर्षी रेडिंगला आलो. तेव्हापासून अप्लाय करतेय, करतेय आणि करतेय. प्रोड्युसर, असिस्टंट प्रोड्युसर, कंटेंट एडिटर, दिसेल ते. अर्ध्यांकडून काहीच येत नाही, उरलेल्यांकडून ते छापील "अनफॉर्च्युनेटली" वालं मेल. एकदाच इंटरव्ह्यू कॉल आला, तिथे विचारलं की इथलं काही काम दाखवा, तर माझ्याकडे सगळं मराठीत.

आमच्या ग्रुपमधल्या सगळ्या म्हणतात टेस्टिंगचा कोर्स कर नाहीतर डेटा ॲनालिटिक्स, तीन महिन्यांत नोकरी. मला ते करायचं नाहीये हो. पण आता वाटायला लागलंय की माझं इंग्लिश, माझा ॲक्सेंट, हे सगळं बघता इथल्या मीडियात आपल्याला कोण घेणार? लंडनमधून मराठीत काही काम मिळतं का? कोणी इथे या लाइनमध्ये असेल तर खरंखरं सांगा, गोड बोलायची गरज नाही.

सदा_कुरकुर:
गोड नकोय म्हणताय म्हणून सांगतो. मीडियात पैसा तिकडेही नाही आणि इकडेही नाही. इथली लोकल वर्तमानपत्रं धडाधड बंद होतायत. ग्रुपमधल्या बायका बरोबर सांगतायत. एसक्यूएल शिका, हौस म्हणून यूट्यूब चॅनेल काढा. बाकी मर्जी.

थेम्सकाठचा_विठोबा:
सदाभाऊ, प्रश्न काय, उत्तर काय! असो.

आधी व्हिसाचं बोलतो कारण बऱ्याच जणांना यात आपली बाजू किती भक्कम आहे तेच माहीत नसतं. स्किल्ड वर्करच्या डिपेंडंटला इथे जवळपास कुठलंही काम करता येतं, फ्रीलान्ससुद्धा. व्यावसायिक खेळाडू होता येत नाही, ते तुम्हाला होऊ वाटत नसावं. इथे मास्टर्स करून ग्रॅज्युएट व्हिसावर असलेली आपली मुलं बघा, त्यांना पुढे स्पॉन्सर लागतो आणि जुलै २०२५ पासून त्यासाठी साधारण पगाराची अट ४१,७०० पौंड झालीय, नवीन लोकांची सवलत धरली तरी ३३,४००. नवशिक्या रिपोर्टरला एवढा पगार कोण देणार? म्हणजे त्यांना दार जवळजवळ बंद. तुम्हाला तसं नाही. पण एचआरवाला भारतातला पत्ता, भारतातला अनुभव बघतो आणि "हिला स्पॉन्सरशिप लागणार" असं गृहीत धरून सीव्ही बाजूला टाकतो. म्हणून सीव्हीच्या अगदी वर एका ओळीत लिहा की यूकेत काम करायचा पूर्ण हक्क आहे, स्पॉन्सर लागत नाही. पुरावा मागितला तर ईव्हिसाचा शेअर कोड (त्यावरून कंपनी तुमचा कामाचा हक्क ऑनलाइन तपासते) द्यायचा, बास.

आणि सीव्ही आपल्या पद्धतीचा असेल तर तो बदला. फोटो, जन्मतारीख, नवऱ्याचं नाव, मॅरिटल स्टेटस यातलं काहीही इथे घालत नाहीत. दोन पानं, त्याच्या वर नाही.

मराठीचं म्हणाल तर बीबीसी मराठी २०१७ साली सुरू झालं, पण ते काम भारतातूनच चालतं, आणि एप्रिल २०२४ पासून तर बीबीसीच्या भारतीय भाषांचं काम कलेक्टिव्ह न्यूजरूम नावाची तिथलीच कंपनी बघते. त्यामुळे लंडनमधल्या मराठी डेस्कच्या आशेवर राहू नका.

बार्शीची_मीना:
अगं कांदेपोहे, मी मिडलंड्समध्ये एका लोकल पेपरला रिपोर्टर आहे, आपल्याच वाटेने आलेली, म्हणून जरा मोठं लिहिते, चहा घेऊन बस.

तुला त्यांनी इंटरव्ह्यूत जे विचारलं ना, "इथलं काम दाखवा", सगळं त्यातच आहे. तुझा अनुभव कमी नाहीये, पण तो त्यांना वाचता येत नाही. मग अर्जांचा सपाटा थांबव आणि आधी इथलं काम तयार कर, आणि त्यासाठी कोणी नोकरी द्यायची वाट बघायची नसते. इथे दोन जागा अशा आहेत की जिथे तू उद्या सकाळी जाऊन बसू शकतेस, कोणी प्रेस कार्ड विचारत नाही.

एक म्हणजे कौन्सिल, आपल्या महानगरपालिकेसारखी. मीटिंगचा अजेंडा पाच कामाचे दिवस आधी वेबसाइटवर टाकावाच लागतो, आणि २०१४ च्या नियमांपासून कोणीही सामान्य माणूस मीटिंगला बसून शूट करू शकतो, लाइव्ह पोस्ट करू शकतो. अजेंड्याचं ते दोन-तीनशे पानांचं पीडीएफ कोणी वाचत नाही, तू वाच. पहिल्या दहा पानांत काही नसतं. बातमी असते मागच्या परिशिष्टात. मला पहिली धड बातमी मिळाली ती एका टेबलातून, शाळेजवळच्या क्रॉसिंगवरची लॉलीपॉप बाई, म्हणजे ती पिवळा कोट घालून हातात गोल पाटी धरून पोरांना रस्ता क्रॉस करून देते ना, ती पोस्टच पुढच्या वर्षीच्या बजेटमधून काढली होती. टेबलात फक्त शाळेचं नाव आणि समोर शून्य. मी दुपारी तीनला शाळेच्या गेटवर जाऊन उभी राहिले, आयांशी बोलले, त्या बाईंशी बोलले, त्यांना स्वतःलाच पत्ता नव्हता. ही बातमी घ्यायला ॲक्सेंट लागत नाही गं, वाचायचा कंटाळा नसावा लागतो आणि गेटवर उभं राहायची लाज नसावी लागते. डेस्कवरच्या माणसाला दुसरी गोष्ट जड जाते, ते मला माहितीय.

शिवाय उन्हाळ्यात ३० कामाचे दिवस कौन्सिलचे हिशेब लोकांना तपासायला खुले असतात, बिलंसुद्धा मागून बघता येतात. माहिती अधिकार आपल्यासारखाच आहे, उत्तर २० कामाच्या दिवसांत. आणि एक, मतदार यादीत नाव घातलंस का? आपण कॉमनवेल्थ नागरिक, भारतीय पासपोर्टवर इथे मत देता येतं, बऱ्याच जणांना वर्षानुवर्षं माहीतच नसतं.

दुसरी जागा मॅजिस्ट्रेट कोर्ट. रेडिंगला आहेच. दारात बॅग तपासतात, आत जाऊन मागे बसायचं, वहीत लिहायला परवानगी लागत नाही. फोन मात्र बंद. फोटोला १९२५ च्या कायद्याने बंदी आहे, आवाज रेकॉर्ड करायलाही मनाई. सकाळभर दारू पिऊन गाडी, दुकानातून चीज चोरलं, शेजाऱ्याला धमकी, असं एकामागून एक चालतं. लगेच काही छापू नकोस. नुसतं नाव, वय, पत्ता, आरोप, कबूल की नाकबूल, शिक्षा, हे अचूक टिपता येतंय का ते बघ.

आता महत्त्वाचं. तुझ्या चॅनेलच्या सवयी इथे घातक आहेत, हे स्पष्टच सांगते. आपल्याकडे अटक झाली की अर्ध्या तासात "मास्टरमाइंड", "नराधम", ग्राफिक्समध्ये लाल गोल, शेजाऱ्यांचे बाईट. इथे अटक झाली की १९८१ चा कंटेम्प्टचा, म्हणजे कोर्टाच्या अवमानाचा कायदा लागू होतो, ज्युरीच्या मनावर परिणाम होईल असं काही छापलं तर हेतू काय होता ते विचारत पण नाहीत, सरळ खटला. आरोपीचा आधीचा रेकॉर्ड लिहायचा नाही. यूथ कोर्टातल्या मुलांची नावं नाहीत, लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेचं नाव आयुष्यभर नाही. एडिटर नवीन माणसाला घाबरतो ते इंग्लिशमुळे कमी आणि यामुळे जास्त. म्हणून एनसीटीजेचा (पत्रकारांच्या ट्रेनिंगची इथली संस्था) डिप्लोमा, त्यातला निदान मीडिया लॉचा भाग. घरबसल्या दूरशिक्षणानेही होतो. शॉर्टहँड, म्हणजे टीलाइन, मिनिटाला १०० शब्द, हे ऐकून लोक हसतात, पण कोर्टात रेकॉर्डर चालत नाही म्हटल्यावर दुसरं करणार काय. फीसाठी जर्नलिझम डायव्हर्सिटी फंड आहे, आधी पात्रता बघ आणि मग कॉलेजशी बोल.

आणि जाहिराती बघायच्याच असतील तर लोकल डेमोक्रसी रिपोर्टरच्या बघ. २०१८ पासून आहे ही योजना, पैसे बीबीसीचे, नोकरी लोकल पेपरात, काम फक्त कौन्सिलं कव्हर करायचं. देशभर १६५ च्या आसपास जागा आहेत आणि त्या हलत राहतात.

इंग्लिशचं म्हणशील तर बातमीचं इंग्लिश म्हणजे पंचवीस शब्दांत इंट्रो (बातमीचं पहिलं वाक्य), एका वाक्यात एकच गोष्ट. टिकर लिहिणाऱ्या बाईने याला घाबरावं?

लेस्टरचा_बाळू:
मीनाताईंना +१. मी पूर्णवेळ मीडियात नाही, दिवसा वेअरहाउसचं प्लॅनिंग बघतो, पण रेडिओ करतो म्हणून लिहितोय.

हॉस्पिटल रेडिओ हा प्रकार आपल्याकडे नाही त्यामुळे पटकन सुचत नाही. इथे बऱ्याच हॉस्पिटलांत पेशंटसाठी छोटं रेडिओ स्टेशन असतं, सगळे व्हॉलंटियर. केन ब्रूससारखा रेडिओवरचा नावाजलेला माणूस ग्लासगोच्या हॉस्पिटल रेडिओतूनच आला. पोलीस चेक होतो, ट्रेनिंग देतात, आणि आधी माइकसमोर बसवत नाहीत, वॉर्डात पाठवतात रिक्वेस्ट गोळा करायला. हातात कागद घेऊन पलंगापलंगाशी जायचं. कोणी झोपलेलं, कोणी नर्सवर चिडलेलं, कोणी म्हणतं गाणं नको, माझ्या मांजराला कोण खायला घालतंय ते सांगा. एक युगांडाहून १९७२ ला आलेल्या गुजराती आजी होत्या, त्यांनी आधी माझी जात, मग पगार, मग लग्न विचारलं आणि शेवटी गाणं सांगितलं. अशा दोन-तीन संध्याकाळी काढल्या की तुमची इंग्लिश बोलायची भीती मोडते, कारण तिथे स्कॉटिश, पोलिश, जमैकन सगळेच आपापल्या ॲक्सेंटमध्ये बोलत असतात आणि तुम्हाला समजून घ्यावंच लागतं.

त्याच्या पुढची पायरी कम्युनिटी रेडिओ, ऑफकॉम (इथली ब्रॉडकास्टिंगवर देखरेख करणारी संस्था) लायसन देतं, देशात तीनशेच्या वर स्टेशनं आहेत. तिथे मिक्सिंग डेस्क हाताळायला मिळतो, शोची रेकॉर्डिंग तुमची. इंटरव्ह्यूत "इथलं काम दाखवा" म्हटलं की लिंक द्यायची. फक्त एक, मराठी गाण्यांचा तास मागू नका सुरुवातीला. तो मिळतो पटकन, आणि मग तुम्ही त्या रविवार दुपारच्या स्लॉटमध्ये कायमच्या अडकता. गावातल्या बातम्यांचं बुलेटिन मागा.

सदा_कुरकुर:
म्हणजे फुकटच काम की सगळं. मी काय वेगळं म्हणत होतो?

बार्शीची_मीना:
सदाभाऊ, याबाबतीत तुमचं अर्धं बरोबर आहे. चॅरिटीत, हॉस्पिटल रेडिओत व्हॉलंटियर करणं वेगळं. पण नफ्यावर चालणारी कंपनी जर "इंटर्नशिप" म्हणून ठरलेल्या वेळी बोलावून ठरलेलं काम करून घेत असेल तर तिला किमान वेतन द्यावं लागतं, कायदा आहे. "एक्स्पोजर मिळेल" म्हणणाऱ्या देसी पोर्टलवाल्यांना हे एकदा ईमेलमध्ये लिहून विचारा, पुढचा मेल येत नाही. मला असाच एक भेटला होता, रोज आठ बातम्या हव्या होत्या, बायलाइन, म्हणजे बातमीवर आपलं नाव, ते पण नाही.

सॅलफर्डची_जुई:
मी पोस्ट प्रॉडक्शनला आहे, थोडक्यात लिहिते. लंडन लंडन करत बसू नका. बीबीसीचा मोठा भाग २०११ पासून इकडे सॅलफर्डला मीडियासिटीत आला, आयटीव्ही पण आहे, भाडं त्या मानाने कमी. पण रेडिंगहून एलिझाबेथ लाइनने लंडन गाठता येतं, त्यामुळे तुम्हाला घाई नाही. टीव्हीत खालून शिरायचं तर रनर, म्हणजे पडेल ते वरकाम करणारा. पॅकेज बांधणाऱ्या बाईला चहा आणायला लावतात हे पचवायला लागतं, मी पचवलं, सगळ्यांना जमेलच असं नाही. आणि रनरच्या जाहिरातींत हमखास ड्रायव्हिंग लायसन्स मागतात. भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून बारा महिनेच चालतं, तुमचे संपत आले असतील, टेस्टची तारीख आजच बघा, वेटिंग वाईट आहे.

शिवाय एनएचएस (सरकारी आरोग्यसेवा) ट्रस्ट, युनिव्हर्सिटी, कौन्सिल यांचे कम्युनिकेशन विभाग बघा. बातमीदारी नाही ती, पण पगार वेळेवर आणि व्हिडिओ कापता येणाऱ्या माणसाची तिथे खरंच वानवा आहे.

कांदेपोहे_रेडिंग:
बापरे, इतकं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांना धन्यवाद, सदाभाऊ तुम्हालाही 😄 मीनाताई, गेटवर उभं राहण्याचं बरोबर ओळखलंत, सहा वर्षं लोक आमच्याकडे बाईट पाठवायचे, मी कधी घ्यायला गेलेच नाही. पुढच्या आठवड्यात प्लॅनिंग कमिटी आहे, अजेंडा डाउनलोड केलाय, मागून वाचायला घेतलाय. एक शंका, समजा काही हाती लागलंच तर ते आधी स्वतःच्या ब्लॉगवर टाकू की पेपरला विकायचा प्रयत्न करू? आणि पैसे मिळालेच तर टॅक्सचं काय?

बार्शीची_मीना:
आधी पेपरला. ब्लॉगवर टाकलंस की ती बातमी त्यांच्यासाठी शिळी झाली. न्यूजडेस्कला तीन-चार ओळींचं मेल, सब्जेक्टमध्येच बातमी, कोण बोललंय आणि कागद कुठला ते सांग, पण सगळं पीडीएफ जोडून देऊ नकोस. सकाळी लवकर पाठव, त्यांची कॉन्फरन्स, म्हणजे दिवसाच्या बातम्या ठरवायची मीटिंग, व्हायच्या आत. दुपारपर्यंत उत्तर नाही आलं तर फोन कर, फोन केलेला इथे आवडत नाही वगैरे काही नसतं, न्यूजडेस्क इथून तिथून सारखेच. पैसे किती देणार ते छापायच्या आधी विचारायचं, नंतर नाही. एनयूजेच्या (पत्रकारांची युनियन) साइटवर फ्रीलान्स दरांचा अंदाज मिळेल, पण लोकल पेपर त्याच्या खालीच बोलतो, हे धरून चाल.

थेम्सकाठचा_विठोबा:
टॅक्सचं मी सांगतो. एप्रिल ते एप्रिलच्या वर्षात अशी कमाई १,००० पौंडांच्या आत असेल तर साधारणपणे काही कळवावं लागत नाही. वर गेली की एचएमआरसीकडे (इथलं टॅक्स खातं) सेल्फ एम्प्लॉइड म्हणून नोंद, ते वर्ष संपल्यानंतरच्या ५ ऑक्टोबरच्या आत. पहिल्या इन्व्हॉइसपासून एक्सेलमध्ये लिहून ठेवा आणि ट्रेनची तिकिटं फेकू नका, खर्चात दाखवता येतात.

लेस्टरचा_बाळू:
प्लॅनिंग कमिटीला जाताना स्वेटर घेऊन जा, आमच्याकडे त्या हॉलमध्ये हीटिंग कधीच चालू नसतं. आणि हॉस्पिटल रेडिओचा फॉर्म आजच भरा, पोलीस चेकला वेळ लागतो.