मदत हवी आहे: मलावीतल्या मिशन शाळांच्या शिक्षकांसाठी पाच दिवसांचं प्रशिक्षण

गोदाकाठ
नमस्कार. नाशिकच्या आमच्या चर्चतर्फे चार निवृत्त प्राथमिक शिक्षिका जूनमध्ये उत्तर मलावीत, म्झिम्बा जिल्ह्यातल्या एम्बांगवेनी भागात जाणार आहेत. लिव्हिंगस्टोनिया सिनॉडच्या (तिथल्या प्रेस्बिटेरियन चर्चचं प्रादेशिक मंडळ) शाळांमधल्या पहिली-दुसरीच्या ४० शिक्षकांना वाचन आणि अंकज्ञान शिकवण्याचं पाच दिवसांचं प्रशिक्षण द्यायचं आहे. एकेका वर्गात शंभर-सव्वाशे मुलं असतात असं कळलं. चिचेवा या तिथल्या भाषेच्या अक्षरांची कार्डं इथूनच छापून न्यावीत आणि दिवसभर हॉलमध्ये सत्रं घ्यावीत, असा विचार आहे. प्रोजेक्टर न्यावा का? परवानग्या कुणाच्या लागतील? साहित्य किती लागेल? जाणकारांनी कृपया सांगावं.

खडूफळा
ताई, कार्डं छापायची घाई करू नका. म्झिम्बात घरोघरी टुंबुका बोलतात. १९६८ साली चिचेवाला राष्ट्रभाषेचा दर्जा मिळाला आणि टुंबुका शाळेतून बाहेर गेली. त्यामुळे तिथल्या पहिलीतल्या मुलापुढे वाचायला येते ती घरची भाषा नसते. पुस्तकातला शब्द बरोबर उच्चारूनही त्याला अर्थ लागत नाही आणि शिक्षकाला वाटतं पोरगं मंद आहे. प्रत्येक धड्याआधी पाच मिनिटं टुंबुकात गप्पा, चित्र दाखवून शब्दांची ओळख, मगच वाचन, हा क्रम शिक्षकांकडून घटवून घ्या. सुरुवातीचे शब्द दोन्ही भाषांत सारखे असलेले निवडा. न्युम्बा (घर), म्बुझी (शेळी) असे बरेच सापडतात. यादी तिथल्या शिक्षकांकडूनच करून घ्या, आपण इथे बसून करू नये.

अक्षरपद्धतीत आपल्या शिक्षिकांना फार अडचण येणार नाही. स्वर पाचच, आणि अक्षर जवळजवळ नेहमी स्वरावर संपतं. म्हणजे मा-मे-मी-मो-मू अशी आडवी ओळ फळ्यावर लिहून बाराखडीसारखी म्हणून घेता येते. ख, थ, फ हे महाप्राणही तिथे आहेत. घोळ होतो तो जोडध्वनींत. ‘म्बुझी’ फोडताना ‘म्’ वेगळा काढला की मूल अडखळतं. म्बा-म्बे-म्बी-म्बो-म्बू ही स्वतंत्र ओळ म्हणून शिकवायची, तीही साध्या ओळी पक्क्या झाल्यावर.

प्रोजेक्टर नको, विजेचा भरवसा नाही. साहित्यासाठी तिथल्या शिक्षकांना ‘टॅलुलार’ हा शब्द पाठ असतो: परिसरात मिळेल त्यातून शैक्षणिक साहित्य. मक्याची रिकामी विणलेली पोती उसवून त्यावर जाड मार्करने तक्ते लिहा. मागच्या रांगेतून दिसायला अक्षर दहा सेंमी उंच हवं. पुठ्ठ्याला वाळवी लागते आणि पिठाच्या खळीने चिकटवलेलं उंदीर खातात, म्हणून शिवा किंवा तारेवर टांगा. मोजायला बाटल्यांची बुचं, मुलामागे दहा, म्हणजे सव्वाशेच्या वर्गाला साडेबाराशे. ती महिनाभर आधी मुलांनाच गोळा करायला सांगा. दशकासाठी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे पुरतात. इथून न्यायचेच तर मार्कर न्या, शिक्षकामागे चार.

दूरचा_पाडा
परवानग्यांबद्दल. शाळा चर्चच्या मालकीच्या असल्या तरी शिक्षकांचा पगार आणि अभ्यासक्रम सरकारचा असतो. म्हणून आधी सिनॉडचा शिक्षण विभाग, त्यांच्यामार्फत जिल्हा शिक्षण कार्यालय, मग त्या झोनचे (शाळांच्या गटाचे) प्राथमिक शिक्षण सल्लागार. हे सल्लागार आपल्याकडच्या केंद्रप्रमुखांसारखे. त्यांना पहिल्या दिवसापासून सोबत बसवा, कारण तुम्ही परतल्यावर वर्गात जाणारे तेच. कोणत्या व्हिसावर यायचं हेही सिनॉडकडून लेखी घ्या. टुरिस्ट व्हिसावर शिकवायला जाऊ नका. परतीचं विमान इथिओपिया किंवा केनियामार्गे असेल तर पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा.

शिक्षकांच्या भत्त्याचा विषय निमंत्रणाच्या पत्रातच मिटवा. प्रवासखर्च आणि जेवण मिळेल की रोख भत्ता, हे आधी स्पष्ट नसेल तर पहिल्याच दिवशी कुजबुज सुरू होते. शिक्षकांची चूक नसते, पगार तुटपुंजा आणि बाकीच्या संस्था देतात. सिनॉडचा जो दर असेल तोच ठेवा. जास्त दिलात तर पुढच्या वेळी स्थानिक चर्चला ते झेपत नाही.

जून चांगला आहे. पाऊस संपलेला, मका घरात आलेला, मुलं शाळेत. (सकाळी स्वेटर लागेल.) जानेवारी ते मार्च धान्य संपत आलेलं असतं, हजेरी घटते.

जाता जाता, तुम्ही नाशिकच्या म्हणून सांगतो. गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना तुमच्याच शरणपूरच्या मिशनमध्ये शिकवलं जाई. १८७५ मध्ये केनियातल्या मोंबासाजवळ फ्रियर टाउन ही मुक्त गुलामांची वसाहत वसली, तेव्हा इथे शिकलेले लोक तिथे कामाला होते. हे नातं जुनं आहे.

गोदाकाठ
खूप आभार, शरणपूरचं सगळ्यांना वाचून दाखवते. अजून दोन शंका. सव्वाशे मुलांत कोण वाचतंय हे शिक्षकाला कळणार कसं? आणि ‘प्रथम’ या आपल्याकडच्या संस्थेची, मुलांचे वाचनाच्या स्तरानुसार गट करण्याची पद्धत तिथे चालेल का?

खडूफळा
चालते. शेजारच्या झांबियात तिसरी ते पाचवीसाठी ‘कॅच अप’ नावाने तीच वापरतात. पण ती मागे पडलेल्यांसाठी आहे. पहिलीत सगळेच सुरुवातीला असतात, तिथे ती घुसडू नका.

तपासणीसाठी हजेरीपटाच्या क्रमाने रोज दहा मुलं, प्रत्येकी एक मिनिट, बाकीचे जोडीने वाचत असताना. तेरा शाळादिवसांत अख्खा वर्ग होतो. पटावर नावापुढे फक्त तीन खुणा: अक्षर, शब्द, वाक्य. यापेक्षा मोठा तक्ता दिलात तर कोणी भरत नाही.

आणि दिवसभर हॉलमध्ये सत्रं नकोत. पहिली-दुसरी दुपारच्या आत सुटते. सकाळी शिक्षकांनी खऱ्या वर्गात पाठ घ्यायचा, दुपारी त्यावर चर्चा आणि उद्याच्या पाठाची तयारी. चाळीस जणांचे आठ-आठचे पाच गट केलेत तर प्रत्येकाला निदान एकदा पाठ घेता येतो आणि प्रत्येक गटात रोज दोघे-तिघे होतात. शेजारच्या शाळांचे मिळून पाच वर्ग आधीच मागून ठेवा.

दूरचा_पाडा
एक राहिलं. मुख्याध्यापकांना शेवटचा दिवस तरी बोलवाच. चांगला शिक्षक दिसला की त्याला आठवीच्या परीक्षेसाठी वरच्या वर्गावर हलवतात आणि पहिलीला पुन्हा नवखा माणूस येतो. प्रशिक्षित शिक्षक दोन वर्षं खालच्याच वर्गाला राहील, असं मुख्याध्यापक आणि सल्लागारांच्या सह्यांनिशी लिहून घ्या. एका शाळेतून एकटा शिक्षक न बोलवता दोघे बोलवा, म्हणजे एकाची बदली झाली तरी दुसरा असतो. एम्बांगवेनीतच सिनॉडचं लाऊडन शिक्षक महाविद्यालय आहे. तिथल्या एखाद्या अध्यापकाला पाचही दिवस सोबत घेता आलं तर पुढच्या वर्षी तेच प्रशिक्षण टुंबुका बोलणारा माणूस देईल.