व्हरांडा म्हणजे वाया गेलेली जागा नव्हे

माथेरानच्या 'व्हरांडा इन द फॉरेस्ट' या जुन्या बंगल्यातल्या हॉटेलबद्दल एकांनी लिहिलंय की एवढ्या मोठ्या व्हरांड्यात आणखी चार खोल्या निघाल्या असत्या. निघाल्या असत्या हो, पण मग तिथे राहायला कोण गेलं असतं?

मुळात ही वास्तू हॉटेलसाठी बांधलेलीच नाही. ठाण्याचे कलेक्टर मॅलेट १८५० मध्ये माथेरान चढून गेले. त्यानंतर साहेबलोकांनी तिथे जे पहिलेवहिले बंगले बांधले, त्यातला हा कॅप्टन बार यांचा. म्हणून 'बार हाऊस' (दारूशी संबंध नाही!). हॉटेल पुष्कळ नंतर, जुन्या वास्तूंची हॉटेलं करणाऱ्या नीमराणावाल्यांनी केलं.

आता व्हरांड्याचं. उन्हाळ्यात भिंतीवर थेट ऊन पडत नाही, त्यामुळे आतल्या उंच छताच्या खोल्या गार राहतात. पावसाळ्यात आडवी झड आली तर ती व्हरांड्यातच जिरते, खोलीच्या उंबऱ्यापर्यंत पोचत नाही. माथेरानचा पाऊस ज्याने काढलाय त्याला हे सांगायला नको.

आणखी एक. नेरळहून माथेरानला येणारी छोटी रेल्वेगाडी सुरू झाली १९०७ मध्ये. त्याआधीच्या बंगल्यांचं सामान घाट चढून आलं ते जनावरांच्या पाठीवर नाहीतर माणसांच्या डोक्यावर. आजही खासगी मोटार माथेरानच्या वेशीवरच्या दस्तुरी नाक्याच्या पुढे जात नाही. बांधकामाचा जांभा दगड तेवढा डोंगरावरच मिळायचा. पायवाटांवरची लाल माती त्याचीच. माझे पांढरे मोजे चार धुण्यांनंतरही तांबूसच आहेत.