विनॉक्सी, अवायुजीवी की आणखी काही?

ऐरोलीकर:
सोसायटीत ओल्या कचऱ्यापासून गॅस करायची टाकी बसवली. माहितीफलकाचं मराठी माझ्याकडे आलं. 'ॲनएरोबिक जिवाणू'ला, म्हणजे ऑक्सिजनविना जगणाऱ्यांना, मी 'निर्वात जिवाणू' लिहिलं. कमिटीतले काका म्हणाले, निर्वात म्हणजे व्हॅक्यूम, आणि टाकी तर गॅसने भरलेली. पटलं. मग काय लिहू? रविवारी पेंटर येतोय.

कोपरीची_बाई:
शाळेच्या विज्ञानात 'विनॉक्सिश्वसन' आहे. मुलांच्या तोंडी तोच शब्द. 'विनॉक्सी' लिहा.

शब्दवेडा:
'विना'ला 'ऑक्सि' चिकटवायचा हा कुठला संधी? 'अवायुजीवी' लिहा. हवेविना जगणारे सूक्ष्मजीव पाश्चरने 1861 मध्ये दाखवले. त्याच्या मूळ शब्दातही ग्रीक 'हवा' आणि 'जीवन' एवढंच आहे, ऑक्सिजनचं नाव नाही.

वाशी_लॅब:
पण कार्बन डायऑक्साइड वायूच ना? टाकीत मिथेन करणारे काही जण हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडवर जगतात. वायू खाऊन वायूच सोडणाऱ्यांना अवायुजीवी कसं म्हणणार? शिवाय मिथेन करणारे जिवाणू नव्हेत, आर्किया, म्हणजे सूक्ष्मजीवांचा वेगळाच गट. म्हणून 'सूक्ष्मजीव' लिहा.

शब्दवेडा:
मराठीत 'वायुप्रदूषण' म्हणतो तेव्हा वायू म्हणजे हवाच ना? रूढ अर्थ सोडून शब्दाची चिरफाड करू नये.

विटाव्याचा:
बाबांबरोबर खाडीत उतरायचो. वर बोटभर तपकिरी गाळ. पाय गुडघ्यापर्यंत रुतला की खालून काळाकुट्ट चिखल यायचा आणि सडक्या अंड्याचा वास. बाबा म्हणायचे, "खालचा चिखल कोंडलाय." तुमचा सूक्ष्मजीव मला त्या 'कोंडलेल्या'तच दिसतो.

वाशी_लॅब:
बाबांनी नेमकं ओळखलं होतं. तिथले जिवाणू ऑक्सिजनऐवजी समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरतात. त्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, तोच वास. लोहाशी जुळून तो काळा रंग देतो.

ऐरोलीकर:
'कोंडजीवी' सुंदर होईल, पण फलकावर कळेल का? सरळ 'हवेविना अन्न कुजवणारे सूक्ष्मजीव' लिहू?

कोपरीची_बाई:
कुजवणारे नको, लोक टाकीजवळ फिरकणार नाहीत. 'आंबवणारे' म्हणा.

शब्दवेडा:
आंबतं ते पीठ. ते आपण खातो. कुजलेलं कोणी खातं का? दूध नासतं, लाकूड कुजतं, बटाटा सडतो. एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

विटाव्याचा:
आमच्या घरी बटाटाही नासतो.

शब्दवेडा:
नासतो तो नारळ. बटाटा सडतोच.