चवदार तळं कागदावर आधीच खुलं होतं, मग सत्याग्रह कशाला?

कोकणी_पोर: एक शंका आहे. १९२३ ला मुंबई कौन्सिलमध्ये बोले ठराव (सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा) पास झाला, १९२४ ला महाड नगरपालिकेनं पण तळं सगळ्यांना खुलं केलं म्हणे. मग २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना तिथं जाऊन पाणी प्यायची वेळ का आली?

जुना_वाचक: अरे ठराव करणं वेगळं आणि गावात राबवणं वेगळं. पोलीस, तलाठी, सावकार सगळे एकाच बाजूचे, कोण उतरणार पाण्यात? आणि तेव्हा महाडला भरलेल्या परिषदेला आलेल्या लोकांना पाणी प्यायल्यानंतर मारहाण झाली, वर तळं 'शुद्ध' करून घेतलं ते वेगळंच. ऑगस्टमध्ये तर पालिकेनं तो ठरावच मागे घेतला!

शांता_ताई: आणि डिसेंबरचं विसरू नका. परत सत्याग्रह ठरला तर काही मंडळींनी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम आणला, तळं खाजगी आहे म्हणून. मग पाण्याला हात न लावता २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली, ठराव मांडला सहस्रबुद्ध्यांनी, म्हणजे ब्राह्मण माणसानं. हे आमच्या शाळेत कधी कोणी सांगितलंच नाही.

कोकणी_पोर: बापरे. मग कोर्टात काय झालं शेवटी?

जुना_वाचक: १९३७ ला हायकोर्टात जिंकले. दहा वर्षं लागली. तोवर नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह होऊन गेला आणि येवल्याची धर्मांतराची घोषणासुद्धा, त्यामुळे माझ्या मते निकालापेक्षा त्या दहा वर्षांत लोक जे संघटित झाले ते मोठं.