शब्दचर्चा: बग्गीवरच्या 'रेन होल्डर'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न:
एका जुन्या बग्गीच्या सुट्या भागांची यादी मराठीत करतोय. चाकं, आरे, आस, कमानी इथवर कुठे अडलं नाही, अडलं ते 'रेन होल्डर'पाशी (रेन म्हणजे लगाम). गाडीवानासमोरच्या उभ्या फळीच्या वरच्या काठावर बसवलेला दोन ओठांचा लोखंडी चिमटा आहे, आत स्प्रिंग. गाडी थांबली की लगाम त्यात दाबून ठेवायचा आणि हात मोकळे करायचे. 'लगामबंद' कसा वाटतो? कमरबंद, बाजूबंद यांच्या चालीवर केलाय.

उत्तर:
चाल छान, पण 'बंद' नको. त्यातून बांधण्याचा अर्थ निघतो आणि या वस्तूचं काम बांधण्याचं नाहीच. लगाम खाली घसरू न देणं, एवढंच. घसरला तर तो पायात येतो, नाहीतर शेपटीखाली जातो. काही घोडी शेपटी घट्ट दाबून तो धरून ठेवतात आणि उधळायला तेवढं निमित्त पुरतं.

लगामाने घोडा बांधू नये, हा तर हाकणाऱ्यांचा पहिला धडा. दचकून त्याने मान मागे घेतली की सगळा हिसका कडियाळ्यावर, म्हणजे तोंडातल्या लोखंडी दांडीवर, थेट तोंडात बसतो. तोंड सोलवटतं, वादीही तुटते. बांधायचंच तर मोहरकीला, म्हणजे घोड्याच्या डोक्यावरच्या पट्ट्याला, वेगळा दोर लावून. आणि गाडीला जुंपलेला घोडा असा चिमट्याच्या भरवशावर सोडून तर कुणीच जाऊ नये, शेजारी माणूस हवा. तुमचा 'लगामबंद' वाचून कुणी निर्धास्त चहाला गेला तर पंचाईत! 'लगामचिमटा' म्हणा, वस्तू डोळ्यासमोर येते.

उत्तर:
चिमटा या नमुन्याला ठीक आहे. पण 'रेन होल्डर' हे नाव इंग्रजीत फार सैल वापरलेलं आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत या नावाखाली कितीतरी पेटंटं निघाली आणि त्यांच्या रचना एकसारख्या नाहीत. काहींत स्प्रिंग नसतेच; एक तिरपी, दातेरी जीभ असते. वादी वरून सरकवली की जीभ बाजूला होते आणि घोड्याने ओढलं की तीच जीभ आणखी रुतते. म्हणजे पकड घोड्याच्याच जोरावर. गाडीवानाने वर उचललं की वादी सुटते. याला मी 'खटका' म्हणेन.

सगळ्यांत डोकेबाज प्रकार चाकाच्या तुंब्यावर, म्हणजे मधल्या गड्ड्यावर, बसवायचा. लगामाचं टोक तिथे अडकवायचं. घोडा पुढे सरकला की चाक फिरतं, लगाम गुंडाळला जातो आणि कडियाळं मागे ओढलं जाऊन घोडा आपणच थांबतो. कल्पना कागदावर देखणी. पण घोडा बिचकून जोरात निघाला तर तोंडाचं काय होत असेल, याचा विचार करणारा बहुधा स्वतः हाकत नसावा.

माल वाहणाऱ्या मोठ्या वॅगनवर मात्र असलं काही नसलं तरी चाले. ब्रेकच्या उंच दांड्याला लगामाचे दोन वेढे दिले की झालं.

उत्तर:
साजाच्या खोगिरावर दोन कड्या असतात, त्यांतून लगाम ओवून मागे गाडीवानाकडे येतो. त्यांना 'टेरेट' म्हणतात. यादीत त्या आल्या तर 'लगामकडी' लिहा, पण चिमट्याच्या रकान्यात घालू नका. कडीतून लगाम सरकला पाहिजे, चिमट्यात तो सरकता कामा नये.

कडी ही कल्पना फार जुनी. प्राचीन मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) उर इथल्या राणी पुआबीच्या थडग्यात चांदीची लगामकडी सापडली, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची. कडीच्या माथ्यावर सोन्या-चांदीच्या मिश्रधातूचं छोटं गाढव उभं आहे. आता ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. गंमत म्हणजे ती ज्या वाहनावर होती त्याला चाकं नव्हती, ती घसरगाडी होती आणि ओढायला बैल.

उत्तर:
चिमटा नव्हता तेव्हा माणूसच चिमटा. कादेशच्या लढाईच्या (इ.स.पू. 1274च्या सुमाराची) कोरीव चित्रांत इजिप्तचा राजा रामसेस दुसरा दोन्ही हातांनी धनुष्य ओढतोय आणि लगाम कमरेला बांधलेला. खरंच तसं लढत की राजाला एकटा दाखवण्याची ही शिल्पकाराची सोय, यावर अभ्यासकांत वाद आहे. मला सोयच वाटते. रोमच्या शर्यतींतले सारथी मात्र लगाम खरोखर अंगाभोवती गुंडाळत आणि रथ उलटला तर तो कापायला वाकडी सुरी जवळ बाळगत. तुमचा 'लगामबंद' तिथे शोभला असता.

प्रश्नकर्ता:
'बंद' रद्द. आता दुसरी शंका. लगाम एक की दोन? 'लगाम चिमट्यात अडकवला' की 'अडकवले'?

उत्तर:
आपण घोड्याच्या 'तोंडात लगाम घालतो' आणि 'लगाम हातात धरतो'. म्हणजे एकाच शब्दात कडियाळं, मुखपट्टे, वाद्या सगळं येतं. बोलताना चालतं, सुट्या भागांच्या यादीत चालणार नाही. हातात येतात त्या लगामाच्या वाद्या. एका घोड्याच्या बग्गीला दोन. 'वाद्या चिमट्यात अडकवल्या' लिहा.

उत्तर:
ऐतिहासिक कादंबऱ्यांत या वाद्यांना 'कायदे' म्हणतात, 'कायदे खेचले' असतं की. तो शब्द का नको?

उत्तर:
'गाडीवानाने कायदे हातात घेतले' असं यादीत छापून बघा.

उत्तर:
:) वाद्याच बऱ्या. ती समोरची फळी म्हणजे 'डॅशबोर्ड' ना? टापांनी उडणारा चिखल अडवायची. मोटारीतल्या डॅशबोर्डने नाव तिथूनच उचललं. तिला नुसतं 'फळी' लिहू नका, बग्गीत फळ्या पुष्कळ.

प्रश्नकर्ता:
नोंद अशी केली: 'लगामचिमटा – चिखलफळीच्या वरच्या काठावर, उजवीकडे. गाडी उभी असताना लगामाच्या वाद्या धरून ठेवण्यासाठी. घोडा बांधण्यासाठी नव्हे.' शेजारी एक उभी पोकळ नळी आहे, तिला 'चाबूकनळी' लिहिलंय. तिच्याबद्दल कुणाची तक्रार नसावी.