डायनॅमिक लोड : गतिज भार की गतिक भार? (आणि दात की दाता)

प्रश्न : गिअरबॉक्सवरच्या एका भाषांतरात 'दातावरील गतिज भार' असं आलंय. बरोबर आहे का?

उत्तर : आधी दात सोडवू. तोंडात दात असतात, चाकाला, करवतीला, कंगव्याला दाते असतात. एकवचन दाता, म्हणून 'दात्यावरील'.

आता गतिज. माझ्या मते इथे हा शब्द दिशाभूल करतो. गतिज म्हणजे गतीतून जन्मलेला, गतिज ऊर्जेला तो चपखल बसतो. पण डायनॅमिक लोड म्हणजे चालताना दात्यावर नेहमीच्या भाराशिवाय येणारा जादा भार, आणि गिअर नुसता फिरतोय म्हणून तो येत नाही. दात्याचा आकार इन्व्होल्यूट असतो, म्हणजे गोल नळकांड्यावर गुंडाळलेला दोरा ताणून सोडवत गेलं की टोक जी वाट काढतं ती, आणि अशा आकाराचे दाते अगदी अचूक असते आणि अजिबात वाकले नसते तर एकसारख्या वेगात फिरताना जादा भार जवळपास आलाच नसता. पण लोडखाली दाते काही मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) वाकतात, त्यामुळे मागून येणारा दाता ठरल्या वेळेच्या जरासा आधी पोचतो आणि त्याचं टोक समोरच्याला खटकन लागतं. शिवाय कधी एक जोडी भार घेते, कधी दोन, त्यामुळे ताठपणा सारखा कमीजास्त होतो. २० दात्यांचं चाक मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर हे सेकंदाला १००० वेळा घडतं, गिअरचा सूर ऐकू येतो तो हाच.

म्हणून मी 'गतिक भार' लिहितो, गतिकीशी, म्हणजे बल आणि गती यांच्या शास्त्राशी (डायनॅमिक्स) नातं सांगणारा. 'धक्क्याचा भार' नको, तो क्लच झटक्यात सोडल्यावर येतो तसा, वेगळा.

प्रश्न : मग टिप रिलीफ? तिथे 'टोक सवलत' केलंय.

उत्तर : अरे नाही! इथे रिलीफ म्हणजे जागा करून द्यायला काढलेलं मटेरियल. दात्याचं टोक आधी लागू नये म्हणून टोकाजवळ अगदी थोडं, मायक्रॉनमध्ये मोजण्याइतकं, घासून घेतात. 'टोक उतरवणे' म्हणा, वाचताच डोळ्यासमोर येतं. आणि किती उतरवायचं ते लोडवर ठरतं, हे सांगणारं मूळातलं पुढचं वाक्य भाषांतरात गाळू नका, कारण भारी लोडसाठी उतरवलेला गिअर हलक्या लोडवर उलट जास्त आवाज करू शकतो.